‘लिटिल चॅम्प्स’ पुन्हा, या वेळी वही घेऊन

२००८ च्या पावसाळ्यात झी मराठीवर ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ सुरू झालं आणि फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी गायकवाडच्या विजेतेपदानं संपलं. ते महिने ज्यांनी टीव्हीसमोर काढले, त्यांना आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित आणि कार्तिकी ही नावं आडनावांशिवाय पुरतात. २०२१ मध्ये हेच पाचजण परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसले आणि जुन्या क्लिपा पुन्हा फिरायला लागल्या. डिसेंबर २०२३ मध्ये मुग्धा आणि प्रथमेशचं लग्न झालं, तेव्हा आणखी एक लाट आली. त्याच लाटेत आम्ही चार-पाच जण परत त्या कार्यक्रमाकडे गेलो. पहिल्या खेपेला सगळं लक्ष परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत ‘नी’ देतात की ‘वरचा सा’ देतात याकडे असायचं (गुण सुरांच्या नावांनी मिळायचे). निकाल माहीत असलेली स्पर्धा पुन्हा बघताना ती उत्सुकता नसते, आणि मग कान मोकळे होतात. कमलेश भडकमकरांचं संयोजन, सत्यजित प्रभूंचा सिंथेसायझर, अमर ओकांची बासरी, अर्चिस लेल्यांचा तबला, निलेश परबांची ढोलकी हे सगळं तेव्हाही होतंच. आपण फक्त मुलांकडे बघत होतो.

ऐकता ऐकता गाणी उतरवून घ्यायचं ठरलं. म्हणजे क्लिप ऐकून पट्टी, ताल, मुखडा, अंतरे, मधले पीस (गायनाच्या मधली वाद्यांची वाजवणी) हे सगळं स्वरलिपीत वहीवर आणायचं, घरातल्या मुलांना त्यावरून गाता येईल इतपत. चार मिनिटांच्या गाण्याला पहिल्या वेळी सहा-सात तास लागतात. सातव्या-आठव्या गाण्यापासून ते अडीच तासांवर येतं. वेळ बहुतेक जातो तो एकाच ठिकाणी, सुरुवातीला, ‘सा’ पक्का करण्यात. त्याचं कारण आधी सांगायला हवं, कारण नवे लोक तिथेच कंटाळून सोडून देतात.

पेटी काढली, क्लिप लावली, तर सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये सापडतो. काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी) दाबली तर गाणं वर वाटतं, तिच्या शेजारची पांढरी सहा दाबली तर खाली. पहिला संशय पेटीवर जातो, आणि तो अगदीच खोटा नसतो. जुन्या पेट्या ४४० वर (म्हणजे पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांवर, हे नेहमीचं प्रमाण) मिळवलेल्या असतीलच असं नाही, आणि भाता जोरात दाबला तर सूर किंचित उतरतो. म्हणून पेटी बाजूला ठेवून आधी तानपुऱ्याचं अ‍ॅप घ्यावं. कुठलंही चालेल, फक्त त्यात सेंटमध्ये सूर सरकवायची सोय हवी. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट. अ‍ॅपमधला तानपुरा काळी चारला लावून हळूहळू वर सरकवत न्यायचा. क्लिपमधल्या आवाजाशी तो घासायचा थांबला, ‘वॉव वॉव’ असे हेलकावे बंद झाले, की तिथला आकडा लिहून घ्यायचा. समजा तो आला ४०.

हा ४० मुलाचा नाही आणि वादकांचाही नाही. मंचावर सिंथेसायझर आहे, तो ४४० वर बांधलेला असतो, आणि तबला, बासरी, ढोलकी सगळे त्यालाच मिळवलेले असतात. त्यामुळे गाण्याचा ‘सा’ कुठल्या ना कुठल्या पट्टीवर बरोबर पडलाच पाहिजे. तो मध्येच लटकत असेल तर दोष क्लिपचा. टीव्हीवरून उतरवून चढवलेल्या कितीतरी क्लिपांचा सूर किंवा वेग थोडा बदललेला असतो. मालकी हक्क तपासणारी यंत्रणा चुकवायला काही लोक हे मुद्दाम करतात. अधिकृत वाहिनीवर तेच गाणं असेल तर ही सगळी झटापट वाचते, म्हणून आधी तिथे शोधावं. तिथे नसेल तरच पुढचं.

आता प्रश्न असा की हा ‘सा’ काळी चारच्या ४० सेंट वर सरकलाय, की पांढरी सहाच्या ६० सेंट खाली. त्याच भागातली दुसरी गाणी तपासून उत्तर मिळत नाही, कारण सगळीच सारखी सरकलेली असतात. इथे कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत कामाला येतं. ते एकदा ध्वनिमुद्रित झालेलं, प्रत्येक भागात तेच वाजतं. अधिकृत क्लिपमध्ये त्याचा सूर कुठे आहे ते बघायचं, मग आपल्या क्लिपमध्ये बघायचं. फरक आणि दिशा दोन्ही लगेच कळतात. ज्या क्लिपमध्ये शीर्षकसंगीतच कापलेलं आहे, तिथे पल्लवी जोशींच्या निवेदनाचा आवाज ओळखीच्या भागाशी ताडून बघता येतो, पण बोलण्याच्या आवाजावरून ४० सेंट वर की ६० सेंट खाली हे सांगायला कान फार तयार लागतो. शीर्षकसंगीतच बरं.

दुरुस्तीसाठी ऑडॅसिटी पुरतं, फुकट आहे. त्यात तीन वेगळ्या सोयी आहेत आणि घोटाळा इथे होतो. एका सोयीत फक्त सूर बदलतो, एकीत फक्त वेग, आणि तिसरीत दोन्ही एकदम, जुन्या टेपरेकॉर्डरची चकती हळू फिरवल्यासारखे. आपल्या क्लिपमध्ये काय बिघडलंय त्यावर कोणती वापरायची ते ठरतं. शीर्षकसंगीतातले दोन ठळक ठोके धरून त्यांच्यातलं अंतर दोन्ही क्लिपांत मोजायचं. अंतर सारखं आणि सूर वेगळा असेल तर फक्त सूर सरकवलाय. अंतरही कमी झालं असेल तर सगळी क्लिपच पळवलीय. ४० सेंट वर असलेली क्लिप खाली आणायला वेगाचा गुणक ०.९७७ लागतो, म्हणजे साधारण २.३ टक्के कमी. वीस सेकंदांच्या तुकड्यात हा फरक अर्धा सेकंदही भरत नाही, त्यामुळे हातातल्या घड्याळावर मोजायला जाऊ नये, पडद्यावरच्या लाटांवरच मोजावं. आणि यूट्यूबवरच्या वेगाच्या बटणावर विसंबू नये. ते वेग कमी करतं पण सूर आहे तिथेच ठेवतं, म्हणून या दुरुस्तीला निरुपयोगी. पुढच्या पायरीला मात्र तेच सर्वांत उपयोगाचं.

एवढं झालं की सूर पेटीवर बसतो आणि पुढचं काम भराभर सरकतं.

‘सा’ कोणता, हे ठरवतानाही दोन फसवे प्रकार आहेत. एक सप्तकाचा. दोन सुरांच्या पेटीत एकच पट्टी दाबली तरी खालचा आणि वरचा असे दोन सूर एकदम वाजतात, आणि मुलाचा आवाज नेमका कुठल्या सप्तकात आहे ते कळत नाही. एक स्टॉप बंद करून एकच सूर चालू ठेवला की हा गोंधळ मिटतो. दुसरा प्रकार मध्यमाचा, म्हणजे ‘म’चा. ज्या गाण्यात पंचम नाही किंवा अगदी दबलेला आहे, तिथे तानपुरा ‘म सा सा सा’ असा लावलेला असतो, आणि नवशिक्याला तो मध्यमच ‘सा’ वाटतो. मुखडा कुठे टेकतो ते बघावं. मुखड्याचं शेवटचं अक्षर ज्या सुरावर निवांत बसतं, तो बहुतेक वेळा ‘सा’. तबल्याकडे कान द्यावा, तो बहुधा ‘सा’लाच लावलेला असतो, क्वचित ‘म’ किंवा ‘प’ला. या दोन्ही खुणा जुळल्या की पुढे जावं.

या कार्यक्रमाचं खरं शिक्षण पट्टीत आहे, आणि २००८ मध्ये ते आमच्या डोक्यावरून गेलं. मोठ्या गायकांची गाणी लहान मुलांच्या गळ्यात बसवायची म्हणजे नुसती पट्टी चढवून भागत नाही. एक उदाहरण आकड्यांत बघा. एखाद्या गाण्याचा अंतरा तार (वरच्या) सप्तकातल्या शुद्ध गंधारापर्यंत जातो आणि मुखडा मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमाला उतरतो. मुलाला न ओरडता लागणारा सर्वांत वरचा सूर धरू तीन सप्तकांच्या पेटीवर तिसऱ्या सप्तकातली पांढरी दोन. तार गंधार तिथे ठेवायचा तर ‘सा’ सोळा पट्ट्या खाली, म्हणजे पहिल्या सप्तकातल्या काळी पाचवर येतो. आता मंद्र पंचम बघा. तो जातो पहिल्या सप्तकातल्या पांढरी चारवर, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाचा आवाज तिथे विरून जातो, नुसता श्वास ऐकू येतो. ‘सा’ दोन पट्ट्या चढवला तर खालचा सूर वाचतो, पण वर गंधारावर शीर ताणते. अशा वेळी संयोजक काय करतात ते या जुन्या भागांत ऐकायला मिळतं: खालची ओळ बासरीला किंवा सिंथेसायझरला देऊन टाकायची, किंवा मुखड्याची ती जागा मंद्रात न नेता मध्य सप्तकातच वळवायची. उतरवून घेताना मूळ गाण्याशी फरक दिसला की आम्ही सुरुवातीला तो मुलाची चूक समजून ‘दुरुस्त’ करायचो. तसं करू नये. तो फरक मुद्दाम केलेला असण्याची शक्यता जास्त, आणि घरातल्या मुलाला तीच सोय लागणार आहे.

मोठ्या मुलांबाबत आणखी एक. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटायला लागला की पट्टी महिन्या-महिन्याला खाली सरकते. स्पर्धा सहा-सात महिने चालते. म्हणून एकाच मुलाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या भागांतली पट्टी सारखी धरून चालू नये, प्रत्येक गाण्याला नव्यानं तपासावी.

मग वही. गणिताची चौकटीची वही यासाठी उत्तम. एक चौकट म्हणजे एक मात्रा, एक ओळ म्हणजे एक आवर्तन. केरवा आठ चौकटी, दादरा सहा, रूपक सात, तीनताल सोळा. पेन्सिल टू बी, समेचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा, × लाल पेनानं, टाळी आकड्यानं आणि ‘खाली’ (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) शून्यानं. भातखंडे पद्धत सगळ्यांना वाचता येते म्हणून तीच: मंद्राला खाली टिंब, तारला वर टिंब, कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, लांबवलेल्या अक्षराला अवग्रह (ऽ), एका मात्रेत दोन-तीन सूर असतील तर खालून कंस. कणस्वर (मुख्य सुराआधी निसटता लागणारा सूर) छोट्या अक्षरात वर, डावीकडे.

सूर लिहायच्या आधी ताल. क्लिप पूर्ण वेगानं तीनदा ऐकायची, हातात काही न घेता, नुसती मांडीवर टाळी देत. शब्दांवर सम शोधायला गेलं की फसायला होतं, कारण भावगीत काय, अभंग काय, मुखड्याची दोन-तीन अक्षरं बहुतेक वेळा समेच्या आधीच सुटतात. समेवर काय येतं ते तबला किंवा ढोलकी सांगते, उठाण घेऊन ती जिथे आपटते तिथे सम. रूपकाची गंमत वेगळी. त्याची सम ‘खाली’ची आहे, ‘ती ती ना’ अशी हलकी सुरू होते आणि वजन पडतं चौथ्या मात्रेवरच्या ‘धी’वर. कान त्या ‘धी’लाच सम समजतो. आमच्या वहीतलं रूपकातलं पहिलं गाणं सगळंच्या सगळं तीन मात्रा पुढे सरकलेलं आहे. चाल बरोबर, चौकटी चुकीच्या.

आता सूर. यूट्यूबचा वेग ०.७५ वर आणायचा, एकेक ओळ, फार तर दोन आवर्तनं, फिरून फिरून. अवघड जागेला ०.५. त्याच्या खाली गेलं तर तबल्याचे बोल पसरट होतात आणि सूर पाण्याखालून आल्यासारखे येतात, त्यानं काही मिळत नाही. आधी ओळीतले मुक्कामाचे सूर लिहायचे, जिथे आवाज थांबतो ते. मधल्या जागा रिकाम्या ठेवायच्या. सगळं एकदम लिहायला जाणारा माणूस तिसऱ्या ओळीवर अडकतो.

मधल्या जागा भरताना पेटी दगा देते, आणि इथे भीमपलास हे चांगलं उदाहरण आहे. कानाला ओळख हवी असेल तर भीमसेन जोशींचं ‘इंद्रायणी काठी’ आधी एकदा ऐकून घ्यावं. पु. ल. देशपांड्यांनी १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’साठी केलेली ही चाल याच रागातली. रागाची चढण नि॒ सा ग॒ म प नि॒ सां, आणि उतरताना ध आणि रे मिळतात. पेटीवर ग॒ दाबला की तो ठोकळ्यासारखा उभा राहतो. गळ्यातला ग॒ तसा नसतो. तो मध्यमाला हात लावून खाली येतो, थोडा झुलतो. वहीत नुसता ‘ग॒’ लिहिला आणि मुलानं पेटीवरून तो म्हटला की चाल बरोबर असूनही गाणं भीमपलासाचं वाटत नाही. म्हणून तिथे मध्यमाचा कण आणि ग॒ पर्यंत मींडेची (सुरावरून सुरावर घसरत जाण्याची) कमान काढायची, आणि समासात लिहायचं: ‘पेटी नको, आवाजानं दाखवणे’. अशा समासातल्या नोंदींची संख्या ज्या वहीत जास्त, ती वही नंतर जास्त उपयोगी पडते.

नाट्यगीतांबद्दल एक सोय आहे. मैफलीत गायक दर वेळी वेगळं गातो, त्यामुळे तिथे काय लिहायचं हाच प्रश्न. स्पर्धेतल्या लहान मुलाच्या ताना बहुतेक घरून बसवून आणलेल्या असतात आणि सगळं तीन-चार मिनिटांत आटपायचं असतं. म्हणून त्या सुबक आणि मोजक्या असतात, लिहून घेता येतात. प्रथमेशची नाट्यगीतं आणि अभंग या दृष्टीनं शिकणाऱ्याला सोन्यासारखे. मात्र बंदिशीचा भाग आणि तानांचा भाग वेगळ्या पानांवर ठेवावा, नाहीतर मूल तानेलाच चाल समजतं.

आवाज वेगळा काढायचा मोह सगळ्यांना होतो. जुनी युक्ती अशी की डाव्या किंवा उजव्या एका बाजूची लाट उलटी करून ती दुसऱ्या बाजूत मिसळायची, म्हणजे मधोमध असलेलं गायन गळून पडतं आणि वाद्यं उरतात. या क्लिपांवर ती केली आणि सगळंच शांत झालं, एक सूर उरला नाही. कारण साधं: बऱ्याच क्लिपांत दोन्ही बाजूंना एकच आवाज आहे, त्यामुळे सगळंच मधोमध आणि सगळंच गळलं. हल्ली गायन आणि वाद्यं वेगळी करणारी नवी प्रोग्रॅम आहेत, ती बरीच बरी. तरी त्यांची एक खोड लक्षात ठेवावी. बासरी वरच्या सप्तकात मुलाच्या आवाजाशेजारून जाते तेव्हा ती गायनात ढकलली जाते, आणि प्रेक्षकांच्या टाळ्याही तिथेच येतात. अमर ओकांच्या बासरीचे तुकडे म्हणूनच मूळ क्लिपवरूनच उतरवावेत. वेगळ्या काढलेल्या वाद्यांच्या फाइलीवरून एका गाण्याचा दुसरा पीस लिहिला, तर त्यातला अर्धा भाग गायब होता आणि उरलेला अर्धा गायकीच्या फाइलीत मुलीच्या आलापासारखा बसला होता.

शब्द शेवटी. कानानं लिहिलेले शब्द चुकतातच, विशेषतः अभंगांत. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर कवी, संगीतकार, मूळ गायक आणि बऱ्याच ठिकाणी रागही दिलेला असतो, तिथून ताडून घ्यावं. राग मात्र डोळे मिटून उचलू नये. ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ च्या नाटकातलं ‘घेई छंद मकरंद’ घ्या. संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी एकाच पदाला दोन चाली दिल्या आहेत, एक सालगवराळी रागात आणि एक धानीत. शब्द तेच, नाव तेच. क्लिपमधली चाल कुठली हे ऐकूनच ठरवावं लागतं.

मग तपासणी. एका दिवसाचा खाडा पाडून, म्हणजे दुसऱ्या दिवशी, क्लिप न लावता फक्त वहीवरून आणि तानपुऱ्यावर गाणं म्हणायचं आणि फोनवर मुद्रित करायचं. मग क्लिपच्या पूर्ण वेगाशी ताडायचं. चुका बहुतेक तीनच ठिकाणी निघतात: दुसऱ्या अंतऱ्याची शेवटची ओळ (पहिल्यासारखीच असेल असं गृहीत धरून ती ऐकलेलीच नसते), मुखड्याकडे परत येतानाची जोडजागा, आणि गायन संपून पीस सुरू होतो तिथला श्वास. घरातल्या लहान मुलाला म्हणायला लावलं तर चौथी चूकही सापडते. ते जिथे अडखळतं तिथे बहुधा आपण एक मात्रा खाल्लेली असते.

पानाच्या उजव्या कोपऱ्यात चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. मूळ पट्टी, क्लिप किती सेंट सरकलेली होती, ताल, आणि मुलाला बसवताना आपण ठरवलेली नवी पट्टी. पहिल्या सहा पानांवर आम्ही सेंटचा आकडा लिहिला नव्हता. गणपतीत मुलीला ती गाणी क्लिपबरोबर म्हणायची होती, आणि पेटी काही केल्या जुळेना. पाच गाण्यांचं शीर्षकसंगीत पुन्हा मोजून झालं. सहाव्याच्या क्लिपची सुरुवात कापलेली आहे, तिचं अजून जुळलेलं नाही.